द्राक्षांच्या गावी जावयाचे: आगगाडीने, मोटारीने की विमानाने?

नकाशावर बोट ठेवून पाहिले तर बेज्जूर हे गाव नागपूर आणि हैदराबाद या दोन शहरांच्या जवळजवळ मधोमध येते. उत्तरेला जा की दक्षिणेला, विमानतळ गाठावयाचा तर तीनशे किलोमीटरांच्या आगेमागे रस्ता तुडवावाच लागतो. पूर्वेस प्राणहिता नदी आणि तिच्या पलीकडे महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा. रेल्वे म्हणावी तर सिरपूर कागजनगर हे आपले हक्काचे स्थानक, पण तेही चाळीसेक किलोमीटरांवर. अशा ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबाने नाशिकच्या द्राक्षबागा पाहावयास जाण्याचे मनात आणले, की 'कशाने जावयाचे?' हा प्रश्न 'केव्हा जावयाचे?' याच्याही आधी उभा राहतो, आणि त्यावर घरात जितकी माणसे तितकी मते निघतात.

आमच्या भागातील मराठी घरांना महाराष्ट्र परका नाही. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा जुन्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचे राजुरा आणि किनवट हे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि सोयरसंबंधांच्या मधून सीमेची रेषा ओढली गेली. पुढे २०१४ साली तेलंगणा झाले, २०१६ साली जिल्ह्याचे तुकडे पडून बेज्जूर कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आले. जुनी माणसे मात्र अजूनही पत्त्यात आदिलाबादच लिहितात. लग्नकार्यासाठी चंद्रपूर, औषधपाण्यासाठी नागपूर, देवदर्शनासाठी माहूर ही येणीजाणी नेहमीचीच. नाशिक मात्र आयुष्यातून एकदा जावयाचे ठिकाण होते, आणि तेही त्र्यंबकेश्वर व पंचवटी यांच्यासाठी. नदीच्या नात्याने म्हणावे तर ते आपल्या अगदी उशाशी आहे. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी नाशिकवरून वाहत येते आणि काळेश्वर येथे आपली प्राणहिता तिला भेटते.

आता त्या यादीत द्राक्षबागांची भर पडली आहे. घरातील तरुण मंडळी 'वाइनरी पाहू' म्हणतात, वडीलधारी 'त्र्यंबकला जाऊ' म्हणतात, आणि दोन्ही इच्छा एकाच सहलीत बसवावयाच्या असतात. त्या बसतात की नाही हे पुष्कळसे वाहनावर अवलंबून असते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून हा प्रपंच.

आधी ऋतू, मग वाहन

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री चांगलीच थंडी, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि धरणांचे पाणी, यामुळे तेथे द्राक्ष रुजले. थंड देशांत वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जातो व वसंतात जागा होतो. आपल्याकडे तशी झोप त्याला मिळत नाही. म्हणून बागाइतदार त्याला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. फळ छाटणीनंतर चारएक महिन्यांनी माल तयार होतो. त्यामुळे तोडणीचा हंगाम साधारण जानेवारी ते मार्च. द्राक्षांनी लगडलेले मांडव पाहावयाचे असतील तर फेब्रुवारी सर्वांत चांगला. मे महिन्याच्या सुटीत गेलेल्यास छाटलेले खोड आणि कोवळी फूट एवढेच दिसते. मुलांच्या परीक्षा मार्चमध्ये असतात ही अडचण आहे खरी, पण वेल शाळेचे वेळापत्रक पाळत नाही.

द्राक्ष ही केवळ नाशिकची मिरास होती असे मात्र नव्हे. हैदराबादच्या आसपास एके काळी उत्तम द्राक्षमळे होते. 'अनाब-ए-शाही' ही टपोऱ्या दाण्यांची जात दक्षिणेत पसरली ती तेथूनच. शहर वाढले तसे ते मळे आटले. नाशिककडे मात्र खाण्याच्या द्राक्षांबरोबर गेल्या पंचवीस वर्षांत वाइनच्या द्राक्षांचा वेगळा संसार उभा राहिला. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात १९९७ च्या सुमारास सोव्हिन्यों ब्लां आणि चेनिन ब्लां या परदेशी जातींची लागवड केली. आईच्या सुलभा या नावावरून बेतलेल्या 'सुला' या नावाने त्यांची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले, विंचूरला वाइन पार्क उभे राहिले, आणि एकामागून एक वाइनऱ्या निघाल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण वाहन ठरविताना तिचा उपयोग आहे. या वाइनऱ्या एका जागी नाहीत. सुला, सोमा, यॉर्क या शहराच्या पश्चिमेस गंगापूर धरणाच्या बाजूला. शांदों उत्तरेस दिंडोरीकडे. विंचूरचे पार्क पूर्वेस निफाड तालुक्यात. आणि ग्रोव्हर झम्पा व व्हॅलोने या नैऋत्येस इगतपुरीच्या बाजूला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावयाचे तर अर्धा दिवस रस्त्यातच जातो. म्हणून दोन दिवसांच्या मुक्कामात एखादी किंवा फार तर दोन पाहाव्यात.

आगगाडी

काझीपेठ ते बल्लारशाह हा लोहमार्ग १९२९ साली पुरा झाला आणि दिल्ली व मद्रास ही शहरे या वाटेने थेट जोडली गेली. त्या मार्गामुळेच आपल्या जंगलपट्ट्यातून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या धावतात. सकाळी हैदराबादहून निघणारी तेलंगणा एक्सप्रेस कागजनगरला थांबते आणि दुपारी नागपूरला पोहोचविते. नागपूरहून मुंबईकडे संध्याकाळी व रात्री जाणाऱ्या गाड्यांत विदर्भ एक्सप्रेस आहे, सेवाग्राम एक्सप्रेस आहे. विदर्भ एक्सप्रेसने गेल्यास नाशिकरोडला उतरण्याची वेळ अपरात्रीची येते. वृद्ध माणसे व मुले बरोबर असतील तर सकाळी पोहोचविणारी सेवाग्राम बरी. कागजनगर ते नागपूर सुमारे २८० किलोमीटर आणि नागपूर ते नाशिकरोड सुमारे ६५० किलोमीटर, असा हा एकंदर सव्वानऊशे किलोमीटरांचा प्रवास होतो.

बेज्जूर ते कागजनगर हा पहिला टप्पा एसटीने म्हणजे आपल्या आरटीसीच्या बसने करावा. डिसेंबर २०२३ पासून तेलंगणातील स्त्रियांना पल्लेवेलुगु व एक्सप्रेस बसमध्ये भाडे पडत नाही, हे घरातील बायाबापड्या जाणतातच. फक्त गाडीच्या वेळेआधी दीड-दोन तास हाताशी ठेवून निघावे.

या मार्गात नागपूरला चार-सहा तास थांबावे लागते, आणि तेच अनेकांना नकोसे वाटते. आम्हाला मात्र त्या थांब्याचा जाच झाला नाही. प्रतीक्षालयात हातपाय धुऊन, डबा सोडून, पाय मोकळे करून माणसे पुढच्या रात्रीसाठी ताजीतवानी होतात. दोन गाड्यांची तिकिटे निरनिराळी काढलेली असतात. तेव्हा पहिली उशिरा पोहोचून दुसरी चुकली तर काय, ही शंका रास्त आहे. त्यासाठी दोन्ही तिकिटांचे पीएनआर क्रमांक जोडून घेण्याची सोय रेल्वेने २०१९ पासून केली आहे. तशी जोडणी केलेली असल्यास न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मागता येतात.

आरक्षणाविषयी दोन बदल लक्षात असावेत. पूर्वी १२० दिवस आधी तिकीट काढता येई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आहे. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यावर जावयाचे असेल तर डिसेंबरच्या मध्यावरच कागदपेन्सिल घेऊन बसावे. दुसरे असे की, ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये थांबली. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे: साठ वर्षांवरील पुरुषांना आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना तो मिळू शकतो. सगळ्या कुटुंबाचे एकच तिकीट काढण्याच्या भरात हा कोटा हातचा जातो. म्हणून वृद्धांचे तिकीट वेगळे काढून त्याच डब्यात जागा मिळते का ते पाहावे.

ज्या वाचकांचे वास्तव्य हैदराबादला किंवा निजामाबादला आहे, त्यांना देवगिरी एक्सप्रेस नांदेड, जालना, मनमाडवरून थेट नाशिकरोडला नेते. उतरण्याची वेळ तेवढी अडनिडी आहे. आदिलाबाद शहरातील मंडळींना किनवट-नांदेडमार्गे जाणारी नंदिग्राम एक्सप्रेस आहे. गाडी कुठलीही धरा, निघण्यापूर्वी चालू वेळापत्रक पाहून घ्यावे.

मोटार

मोटारीची ओढ कोणाला नाही? दाराशी सामान भरावे, दाराशी उतरावे, वाटेत मन मानेल तेथे थांबावे. शिवाय समृद्धी महामार्गाने हा प्रवास पूर्वीच्या मानाने फारच सुकर केला आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरांच्या या मार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी उघडला, आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये. बेज्जूरहून कागजनगर, आसिफाबाद, वांकिडी, राजुरा, चंद्रपूर, वरोरा करीत वर्ध्याजवळ समृद्धीला लागावे, सिन्नर तालुक्यात उतरावे, आणि तेथून नाशिक. सारा मिळून रस्ता आठशे किलोमीटरांहून थोडा अधिक भरतो. पहाटे निघालेले कुटुंब थांबत थांबत रात्रीच्या जेवणापर्यंत पोहोचते.

खर्चाचा हिशेब करू. जाऊन-येऊन सुमारे १,६५० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ११० लिटर पेट्रोल. लिटरला शंभर रुपयांच्या वर भाव आहे, म्हणजे साडेअकरा हजारांच्या आसपास. समृद्धीचा टोल किलोमीटरला सुमारे दोन रुपये, तो जाऊन-येऊन दोन हजार. एकंदर साडेतेरा हजार. चार माणसांत वाटले तर माणशी तीन हजार चारशेच्या जवळपास. आगगाडीचे थ्री एसीचे जाऊन-येऊन भाडे साधारण तीन-साडेतीन हजार पडते, आणि साध्या शयनयानाचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे चौघांपेक्षा कमी माणसे असतील तर मोटार महाग, आणि चौघे असतील तर बरोबरीची.

पण खरा हिशेब पैशांचा नाही. समृद्धी हा सरळसोट, रिकामा, वळणांवाचून धावणारा रस्ता आहे. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरांपर्यंत वेगाची मुभा आहे. अशा रस्त्यावर चालकाला डोळे उघडे असूनही गुंगी येते. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बसला अपघात होऊन ती पेटली आणि पंचवीस प्रवासी दगावले. ती बातमी आठवली की अजून अंगावर काटा येतो. तेव्हा मोटारीने जावयाचे तर गाडी हाकणारी दोन माणसे असावीत, दर दोन तासांनी थांबावे, टायरांची हवा पाहून घ्यावी आणि रात्रीचा प्रवास कटाक्षाने टाळावा.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. मोटारीत जागा पाच. गेल्या फेब्रुवारीत आमच्या घरातून निघावयाचे ठरले तेव्हा आम्ही सातजण होतो, आणि पुतण्याचा आग्रह मोटारीचा होता. बैठकीत कोणी काही बोलण्याच्या आत आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "तुम्ही जा रे, मी घर राखते." शहात्तर वर्षांच्या आत्याबाईंनी उभ्या जन्मात नाशिक पाहिलेले नव्हते. हे वाक्य आपल्याकडील घराघरांतून ऐकू येते, आणि ते इतक्या सहज उच्चारले जाते की त्यामागची इच्छा कोणाच्या ध्यानात येत नाही. वाहन ठरले की कोण येणार आणि कोण मागे राहणार हेही आपोआप ठरून जाते. म्हणून वाहन आधी ठरवूच नये. आधी माणसे मोजावीत आणि मग वाहन. आम्ही आगगाडीने गेलो ते मुख्यतः या कारणासाठी. पुतण्या दोन दिवस घुम्यासारखा होता. पण नागपूरच्या फलाटावर आत्याबाईंच्या हातच्या दशम्या सोडल्यावर त्याचा राग उतरला.

विमान

नाशिकचा विमानतळ ओझरला आहे, शहरापासून वीसेक किलोमीटरांवर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून. ओझरचे नाव आपल्या पिढीला ठाऊक आहे ते मिग विमाने बांधणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यामुळे. प्रवासी विमानांची सेवा तेथे अनेकदा सुरू झाली आणि अनेकदा थांबली. अलीकडच्या वर्षांत इंडिगोने हैदराबादहून तेथे विमाने सोडली. उड्डाण सुमारे दीड तासाचे. जाण्यापूर्वी त्या दिवसांत सेवा चालू आहे की नाही हे पाहणे अगत्याचे.

दीड तास ऐकून मन भुलते. बेज्जूरकराने मात्र घड्याळ घराच्या उंबऱ्यापासून लावावे. बसने कागजनगर, दीड तास. तेथून सिकंदराबाद जवळजवळ तीनशे किलोमीटर, आगगाडीने पाचएक तास. सिकंदराबादहून शमशाबादचा विमानतळ गाठावयास शहराच्या गर्दीतून दीड तास. उड्डाणाच्या दोन तास आधी हजर राहावयाचे. मग दीड तासाचे उड्डाण, सामान घेणे, आणि ओझरहून नाशिक पाऊण तास. वाट पाहण्याचा वेळ धरून बारा-तेरा तास होतात आणि ते सगळे जागेपणी, पाच ठिकाणी चढउतार करीत. आगगाडीला चोवीस तास लागतात हे खरे, पण त्यांतली रात्र झोपेत जाते आणि चढउतार तीनच. शिवाय विमानासाठी आधी दक्षिणेला तीनशे किलोमीटर जाऊन मग पुन्हा वायव्येला वळावयाचे, हा आडमार्ग.

हैदराबाद-सिकंदराबादेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची गोष्ट निराळी. त्यांना शमशाबाद दाराशी आहे. दोन-तीन दिवसांचीच रजा असेल, मंडळी थोडी असतील, आणि तिकिटे महिना-दीड महिना आधी काढता येत असतील, तर विमान त्यांना सोयीचे. ओझरहून दिंडोरी व पिंपळगाव बसवंतची द्राक्षबागांची पट्टी जवळ पडते हा आणखी एक लाभ. गुडघेदुखीच्या माणसासाठी विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते. तिकीट काढतानाच तशी मागणी नोंदवावी. एकच जपावे: एका माणसाचे येऊन-जाऊन विमानभाडे कित्येकदा सबंध कुटुंबाच्या शयनयान-भाड्याइतके होते, आणि मग पुन्हा 'मी घर राखते' हे शब्द कानी पडतात.

पोहोचल्यावरचे शेवटचे दहा किलोमीटर

आतापर्यंत आपण लांबचा प्रवास पाहिला. पण या सहलीचा अवघड भाग तो नव्हे. नाशिकरोड स्थानक, मुक्काम आणि वाइनरी यांमधला थोडासा रस्ता हाच अवघड. नाशिकरोड हे स्थानक मुख्य शहरापासून आठ-दहा किलोमीटरांवर आहे, आणि गंगापूर धरणाकडील वाइनऱ्या शहराच्या दुसऱ्या अंगाला. तेथे नियमित बस मिळेलच असे नाही. म्हणून स्थानकाच्या बाहेर किंवा मुक्कामाच्या ठिकाणी विचारून चालकासह एक मोठी भाड्याची गाडी दिवसभरासाठी ठरवावी. सातआठ माणसांत तो खर्च जड जात नाही.

हे आग्रहाने सांगण्याचे कारण असे. वाइनरीत चार-पाच प्रकारच्या वाइन थोड्या थोड्या चाखावयास देतात. घोट लहान असले तरी वाइनमध्ये शेकडा बारा ते चौदा मद्यार्क असतो आणि चार-पाच घोटांची बेरीज होतेच. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी मागच्या आसनावर आपलीच मुले बसलेली असतात. स्वतःची मोटार घेऊन गेलेल्या कुटुंबात गाडी हाकणाऱ्याने एकही घोट घेऊ नये. आणि ज्याला चाखावयाचे आहे त्याने गाडीची किल्ली दुसऱ्याच्या स्वाधीन करावी. यात मधला मार्ग नाही.

न घेणाऱ्यांनी जावे की नाही? अवश्य जावे. वाइन पिणे आणि वाइन कशी होते हे पाहणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत. उन्हाच्या आधी तोडलेला माल यंत्रात पडतो; देठ वेगळे होतात; पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच गाळून घेतात, तांबडीसाठी तो सालीसकट आंबवितात, कारण रंग सालीत असतो. पोलादाच्या उंच टाक्या बाहेरून गार ठेवलेल्या असतात. काही वाइन ओकच्या पिंपांत मुरत ठेवतात. सगळे पाहून झाल्यावर आत्याबाईंनी दाखविणाऱ्या मुलाला विचारले, "म्हणजे आपले द्राक्षासवच की हे! मग याचा एवढा बोलबाला कशाला?" तो मुलगा हसला आणि म्हणाला, "आजी, द्राक्षासवात गूळ-साखर, धायटी नि मसाले घालतात. आमच्यात नुसते द्राक्ष." एवढ्या एका उत्तराने आत्याबाईंना जे कळले ते एखाद्या माहितीपत्रकाने कळले नसते. त्यांनी स्वतः द्राक्षांचा साधा रस घेतला आणि मांडवाखाली खुर्ची टाकून तासभर निवांत बसल्या. महाराष्ट्रात वाइन घेण्यास वयाची एकवीस वर्षे पुरी असावी लागतात. तेव्हा मुलांना चाखण्याच्या दालनात न नेता बागेत फिरवावे.

शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी लोटते. मधल्या वारी गेले तर बाग शांतपणे पाहता येते. एक सकाळ त्र्यंबकेश्वरासाठी, एक दुपार पंचवटीसाठी आणि एक दिवस बागांसाठी, असे तीन दिवस पुरतात. २०१५ नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा २०२७ साली आहे. त्या पर्वात नाशिकला राहावयास जागा आणि गाडीत बर्थ मिळणे दुरापास्त होईल, हेही आताच ध्यानी घ्यावे.

परत येताना

बाटली आणावी का, हा प्रश्न तरुणांकडून हमखास येतो. आमचे स्पष्ट मत, आणू नये. बेज्जूरला परतणारी आगगाडी असो की मोटार, ती वर्धा जिल्ह्यातून येते आणि तेथे दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी झाली आणि २०२१ साली उठली. प्राणहितेपलीकडच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. त्यापुढे राज्याची सीमा. परराज्यातले मद्य परवान्याशिवाय तेलंगणात आणणे हा अबकारी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. विमानात हातातल्या पिशवीत बाटली नेता येत नाही. सामानात टाकली तरी उतरल्यावर राज्याचा कायदा लागू होतोच. आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात मोटारीच्या डिकीत दिवसभर तापलेली वाइन पिण्याजोगी उरत नाही ती वेगळीच.

त्याऐवजी बेदाणे आणावेत. बाजारात ते जातवार मिळतात, टिकतात, वजनाला हलके असतात आणि शेजारच्या तेलुगू घरातही आनंदाने स्वीकारले जातात. ताजी द्राक्षे आणावयाची असतील तर परतीच्या दिवशी सकाळी घ्यावीत, पाणी न लावता कागदात गुंडाळून भोके असलेल्या खोक्यात ठेवावीत आणि खोके बर्थखाली न सरकवता डोक्याशी ठेवावे. आत्याबाईंनी आणलेली द्राक्षे कागजनगरपर्यंत तजेलदार राहिली.

तर मग काय ठरले?

सारांश मांडावयाचा तर असा. बेज्जूर, कागजनगर, आसिफाबाद या बाजूच्या कुटुंबाने, विशेषतः वृद्ध माणसे व मुले बरोबर असताना, आगगाडीनेच जावे आणि नाशिकला चालकासह गाडी घ्यावी. मोटार घ्यावी ती चार-पाचच माणसे असतील, गाडी हाकणारे दोघे असतील, वाटेत वर्धा, लोणार किंवा शिर्डी पाहण्याची इच्छा असेल, आणि ते दोघेही नाशिकला वाइनपासून दूर राहण्यास तयार असतील तरच. विमान हे हैदराबादच्या मंडळींसाठी, आपल्यासाठी नव्हे.

हा क्रम वेगाचा नाही, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. मधल्या आठ-नऊशे किलोमीटरांची चिंता आज कोणीही करू नये. ते कोणत्याही वाहनाने सुखरूप पार पडतात. चिंता करावी ती अलीकडच्या चाळीस आणि पलीकडच्या दहा किलोमीटरांची, आणि 'मी घर राखते' म्हणणाऱ्या माणसाची. घरात नोव्हेंबर संपता संपता बैठक घ्यावी. येणाऱ्यांची नावे प्रथम लिहून काढावीत, त्यांतील सर्वांत वयस्क माणसाला कोणता प्रवास झेपेल ते त्यांनाच विचारावे, आणि मग आरक्षणाची तारीख दिनदर्शिकेवर खुणेने नोंदवून ठेवावी.